तपासणाऱ्याची सही

पक्षाचे सरचिटणीस बाराच्या ठोक्याला आले आणि चार वाजता निघावं लागेल असं आल्याआल्याच सांगून बाहेरच्या खोलीत बसले. संसदेच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचं नाव त्यांना अण्णांच्या हातचं, कागदावर लिहिलेलं हवं होतं. फोनवर कबूल केलेल्या नावांचं पुढे काय होतं, हे अण्णांइतकंच त्यांनाही ठाऊक होतं. वहिनींनी त्यांच्यापुढे चहा, पाणी आणि तीन वर्तमानपत्रं ठेवली आणि मधलं दार ओढून घेतलं. ते दार कधीच पुरतं लागत नसे. म्हणून आज सगळ्यांनी हळू बोलायचं असं ठरलं, आणि पंधरा मिनिटांत सगळे ते विसरले.

जेवणाची खोली कारखान्याच्या वरच होती. रविवार असल्यामुळे खाली सगळं बंद होतं, पण तेलाचा आणि ओल्या लोखंडाचा वास जिन्यावरून वर येतच होता. या घरात लहानाचे मोठे झालेल्यांना तो जाणवत नसे. वहिनींना लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी जाणवायचा. त्या खिडकी उघडायच्या, आणि आई ती थोड्या वेळाने बंद करायची. याबद्दल दोघी एकमेकींशी कधी अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

टेबलाच्या टोकाला अण्णा बसले होते. एका बाजूला आई आणि काका, दुसऱ्या बाजूला दादा आणि वहिनी. ताई नेहमीप्रमाणे अण्णांच्या डाव्या हाताला होती, कारण कागद त्या बाजूने फिरत. ताईचे यजमान दातांचे डॉक्टर होते, आणि घरात राजकारण निघणार असलं की नेमक्या त्या दिवशी गावातल्या लोकांचे दात दुखायला लागत. त्यांची खुर्ची रिकामी होती. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

अण्णा शहात्तर वर्षांचे होते. एका पत्र्याच्या शेडमध्ये पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार घालून भरून देण्यापासून त्यांनी सुरुवात केली, आणि पस्तिशीत ते स्वतःचे पंप विकायला लागले. मग एका वर्षी लोकांच्या लक्षात आलं की अकरा नंबरच्या प्रभागात पंप खूप आहेत, पाणीच नाही. अण्णांनी पालिकेला अर्ज केले. चाळीस अर्ज झाल्यावर एका कारकुनाने त्यांना सुनावलं, 'इतका पुळका असेल तर निवडून या.' ते आले, अकरा प्रभागाचे नगरसेवक म्हणून. प्रचाराला ते पान्याची पिशवी खांद्याला लावून दारोदार फिरले. आधी गळक्या नळाचा वायसर बदलला, मत मागितलं नंतर. पुढे ते महापौर झाले, आणि त्यापुढे तीनदा संसदेत गेले. लोक त्यांना साहेब म्हणायला लागले, तरी अकरा प्रभागातल्या म्हाताऱ्या अजून 'पंपवाले' म्हणूनच हाक मारत, आणि अण्णा त्याच हाकेला आधी वळत.

कारखान्याचा एक नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून दगडावरच्या रेघेसारखा पाळला होता. जो पंप जोडतो तो तपासत नाही, आणि जो तपासतो तो पान्याला हात लावत नाही. तपासणाऱ्याने पंप टाकीवर चालवायचा, दाबाचा काटा बघायचा, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा. मग खडूने खूण करायची, पांढरी म्हणजे गेटबाहेर, लाल म्हणजे परत. राजकारणात गेल्यावर अण्णांनी हाच नियम कागदांना लावला. पत्र असो, भाषण असो, संसदेतला प्रश्न असो, अण्णा लिहिणार, ताई तपासणार, आणि डाव्या कोपऱ्यात तिची सही झाल्याशिवाय कागद घराबाहेर पडणार नाही. बावीस वर्षं हे चाललं होतं. दिलेल्या शब्दाला आणि लिहिलेल्या आकड्याला अण्णा पक्के, अशी जी ख्याती झाली, तिच्यात त्या कोपऱ्यातल्या सहीचा वाटा किती, हे लोकांना माहीत असायचं कारण नव्हतं.

ताईला ते तिकीट हवं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मतदारसंघातली पाण्याची प्रत्येक टाकी तिला पाठ होती, कुठल्या गल्लीत कोण कोणाशी बोलत नाही हेही पाठ होतं, आणि आज संध्याकाळी चारनंतर या सगळ्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. नाव दादाचं येणार हे घरात सगळ्यांनी धरलं होतं. दादा कारखाना बघत होता आणि थोरला होता, तेवढं आईला पुरे होतं. वहिनी तर सहा महिन्यांपासून गुडघ्याला बाशिंग बांधून बसल्या होत्या. राजधानीतल्या घराला पडदे कसले लागतील, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

"सुरुवात करा की अण्णा," काका म्हणाले. काका अण्णांचे धाकटे भाऊ. कारखान्यातला ओतकामाचा विभाग त्यांच्याकडे होता आणि ते नेहमी जिंकणाऱ्याच्या बाजूने असत, फक्त जिंकणारा कोण हे त्यांना जरा उशिरा कळायचं. "तो बाहेर तीन वर्तमानपत्रं वाचून संपवेल. मग आपलं बोलणं ऐकेल."

"मी विचार केलाय," अण्णा म्हणाले. "मीच उभा राहतो."

वहिनींच्या हातातली बशी वाजली. दादाने मान वर केली नाही.

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, की आता पुरे?" आईने विचारलं.

"म्हणालो होतो. गेल्या अधिवेशनातलं पाणीगळतीचं भाषण सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. अध्यक्षांनी उठून हात मिळवला. पंप चालतोय तोवर काढायचा कशाला?"

"अण्णा, तुमच्या तब्येतीचं काय?" वहिनी म्हणाल्या. "आम्हाला काळजी वाटते म्हणून म्हणते हो."

"तब्येतीला काय धाड भरलीय? जिना चढतो, उतरतो." त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद पुढे ओढला आणि लिहायला सुरुवात केली. अण्णांचं अक्षर अजून सुरेख होतं. सगळे ते हलणारं पेन बघत बसले, आणि काकांनी संधी साधून सांगून टाकलं की आपलं पहिल्यापासून हेच मत होतं.

ताई पेनाकडे बघत नव्हती, अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होती. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत त्यांनी एका पुलाच्या उद्घाटनाच्या भाषणात दुसऱ्याच नदीचं नाव लिहिलं होतं. तिने ते खोडून बरोबर नाव घातलं आणि सही केली. लाल खूण करून कागद परत करायचा, तो तिने केला नाही. मग तारखा चुकायला लागल्या, मग माणसं. मग एका महिन्यात अण्णांनी एकच पत्र तीनदा लिहिलं, आणि त्यानंतर ती आधीच मजकूर तयार करून ठेवायला लागली. 'अण्णा, तुम्ही काल सांगितलंत तेच उतरवलंय,' म्हणून पुढे करायची. ते वाचत, दोन शब्द बदलत, आणि म्हणत, 'जमलंय मला.' झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ दोन वर्षं ताईनेच झाकून धरली होती. वडिलांवरच्या मायेने धरली असं ती स्वतःला सांगे. त्यात थोडा भाग असाही होता की ती भाषणं लिहिणं तिला आवडायचं.

अण्णांनी कागद डावीकडे सरकवला. "तपास."

चारच ओळी होत्या. पक्षाने पुन्हा विश्वास टाकावा, आपण उभं राहायला तयार आहोत, वगैरे. तिसऱ्या ओळीत मतदारसंघ लिहायचा होता. तिथे लिहिलं होतं, 'प्रभाग क्रमांक अकरा'.

ताईने ते दोनदा वाचलं. एरवी ती म्हणाली असती, 'अण्णा, शाई पसरलीय, परत लिहा, मी सांगते तसं.' ते लिहून मोकळे झाले असते, सरचिटणीस कागद घेऊन गेले असते आणि पुढची पाच वर्षं ती डाव्या हाताला बसली असती. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं.

"हे परत," ती म्हणाली.

"काय झालं?"

"तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचा."

अण्णांनी चष्मा लावून वाचलं. सभेत वाचत तसं, खणखणीत. "...प्रभाग क्रमांक अकरा येथून..." आणि शेवटची ओळ संपवून त्यांनी विचारलं, "मग? चूक कुठाय?"

काका हसले. त्यांना तो विनोद वाटला होता. बाकी कोणी हसत नाही हे बघून त्यांनी हसू खोकल्यात बुडवलं. अण्णांनी कागदाकडे पुन्हा पाहिलं आणि तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं.

"चुकून झालं असेल हो," आई म्हणाली. "माणूस आहे. घाईत होतं कधीकधी."

"घाई कसली? चार ओळींना?" अण्णा आईवर डाफरले, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बरोबर आहे. माल परत." त्यांनी कागदाची घडी करून ती खिशात ठेवली. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. ते पुरतं लागत नाही, हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं.

ताईला वाईट वाटलं. पण तिने केलेलं मागे घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ती तशीच बसून राहिली.

"मग दादा," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दुसरा कागद ओढला. "दादाचं नाव देतो."

खोलीतली हवा बदलली. आईने डोळ्यांना पदर लावला. वहिनींनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि मग त्यांना ताईची आठवण झाली. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. जिंकल्यावर त्या उदार होत. "आणि ताई आहेतच की!" त्या म्हणाल्या. "अण्णांना सांभाळलं तसं यांनाही सांभाळतील. भाषणं बघतील, पत्रं बघतील. आम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"हो तर," काका म्हणाले. "तपासनीस घरचाच आहे."

"नाही," ताई म्हणाली.

"काय नाही?" दादाने विचारलं. सकाळपासून तो पहिल्यांदा बोलत होता.

"मी तपासणार नाही. ते नाव माझं लिहा, अण्णा."

आईचा पदर डोळ्यांपाशी होता तिथेच राहिला.

"अगं, पण तुझं नाव कसं?" आई म्हणाली. "तू कधी बोललीसही नाहीस."

"आता बोलतेय."

"म्हणजे हे असं होतं!" वहिनींचा उदारपणा आला तसा गेला. "म्हणून तो कागद परत केला! वडिलांना चारचौघांत खाली बघायला लावलं, ते कशासाठी ते आत्ता कळलं."

ते निम्मं खरं होतं, हे ताईला ठाऊक होतं.

अण्णांनी हात वर केला. पालिकेच्या सभागृहात ते असाच हात वर करायचे आणि चाळीस माणसं गप्प व्हायची. "थांबा. पोरी, तू हुशार आहेस. पण तू तपासणारी आहेस. चूक पकडणं वेगळं आणि उभं करणं वेगळं. तपासणारा जोडत नाही. बावीस वर्षांत तू एक ओळ तरी लिहिलीस का? तुझं काम सही करायचं होतं, ते तू चोख केलंस. दादा निदान पंप तरी बनवतो."

ताईने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. आता जे बोलायचं होतं ते बोललं की परत घेता येणार नव्हतं. आत्ताची चूक चार ओळींची होती. उद्या काकांनी चारचौघांत हसून सांगितली असती आणि अण्णाही हसले असते. पुढचं कोणालाच हसण्यावारी नेता आलं नसतं.

"चोख नाही केलं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी तपासलंच नाही, अण्णा. मी पाना धरला."

"म्हणजे?"

"तुमच्या चुका मी परत पाठवल्या नाहीत. मीच दुरुस्त केल्या. आधी एखादा शब्द, मग ओळी. मागच्या वर्षापासून सगळंच. तुम्ही काल सांगितलंत म्हणून मी जे पुढे करायचे, ते तुम्ही सांगितलेलं नसायचं."

"पाणीगळतीचं भाषण?"

"माझं."

"त्यातलं ते, म्हाताऱ्या बाईच्या हंड्याचं?"

"तेही माझं. अकरा प्रभागातली कुलूपवाल्याची आई. मी तिच्या घरी गेले होते."

"मला वाटलं, मी गेलो होतो," अण्णा म्हणाले.

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटण्याचा आवाज बराच वेळ झाला नव्हता. दादा उठला आणि खुर्ची दाराला लावून आला. तेवढ्याने दार लागलं. इतक्या वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं.

"त्या मिशीवाल्याचं काय केलं होतंत, अण्णा?" काकांनी अचानक विचारलं. वारा कुठून सुटलाय याचा अंदाज त्यांना या वेळी जरा लवकर आला होता, किंवा कदाचित त्यांना खरंच आठवलं होतं. "तपासणीवरचा तो. लाल खूण करायच्या ऐवजी स्वतःच नट आवळायचा. आपण पकडला तेव्हा मी म्हणालो, काढून टाका."

"काढला नाही," अण्णा म्हणाले.

"नाही काढलात. त्याच दिवशी जोडणीच्या बाकावर बसवलात. काय म्हणालात त्याला?"

ते वाक्य कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. शेवटी दादाच म्हणाला, "तुझा हात पान्याकडे जातो, तर पानाच धर."

"तुम्ही कोणाच्या बाजूने बोलताय?" वहिनींनी त्याला विचारलं.

"बाजू कसली त्यात?" दादा म्हणाला. "मला दिलं असतं तर मी घेतलं असतं. नको म्हणालो नसतो. पण मला पन्नास कामगारांपुढे बोनसचं बोलायचं तर आदल्या दिवसापासून घाम फुटतो, हे तुला माहितीये. ही लिहिणार, मी वाचणार, आणि सही पण हिचीच. मग जोडलं कोणी आणि तपासलं कोणी? असला पंप मी गेटबाहेर सोडला नसता."

वहिनी उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या. पडद्यांचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

अण्णांनी दादाचं अर्धं लिहिलेलं नाव खोडलं नाही. तो कागद बाजूला ठेवून तिसरा घेतला. चार ओळी लिहायला त्यांना बराच वेळ लागला. प्रत्येक शब्दापाशी ते थांबत होते, आणि मतदारसंघापाशी आल्यावर त्यांनी मान वर करून दादाला विचारलं, ताईला नाही, "काय लिहायचं इथे?" दादाने सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि कागद उजवीकडे सरकवला.

"तू तपास," ते दादाला म्हणाले. "तिचं तिने तपासायचं नाही."

दादाने ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. मग पुन्हा वाचलं. एक वेलांटी चुकली होती, ती त्याने दाखवली. अण्णांनी ती दुरुस्त केली, आणि दादाने डाव्या कोपऱ्यात सही केली. घड्याळात चारला वीस मिनिटं होती.

ताईला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. आनंद होईल असं तिला वाटलं होतं, आणि थोडा झालाही. पण अण्णा तिच्याकडे बघत नव्हते. ते समोरच्या भिंतीकडे बघत गेल्या दोन वर्षांतलं एकेक काहीतरी बाहेर काढून हे कोणाचं, हे कोणाचं असं स्वतःला विचारत असावेत. तसं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"एक विचारू?" आई म्हणाली.

दादाचं झालं नाही याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर असायला हवं होतं, पण ती दुसऱ्याच कशाचा तरी हिशोब करत होती, आणि तो तिला अवघड जात होता.

"माझी सत्तरी मागच्या वर्षी झाली ना? की त्याच्या आधीच्या?"

"मागच्या," दादा म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला कळलं.

"तेव्हा तुम्ही बोललात," आई अण्णांना म्हणाली. "सगळ्यांसमोर. शेडमध्ये तुम्ही मोटार भरायचात आणि मी दिवा धरून बसायचे, ते. माझा हात दुखतो का, असं एकदाही विचारलं नाही म्हणालात." ती थांबली. "चाळीस वर्षांनी का होईना, लक्षात आलं म्हणायचं, असं मला वाटलं होतं. ते कोणाचं?"

तिने प्रश्न अण्णांना विचारला होता, पण बघत होती ताईकडे. दिव्याची गोष्ट आईने एकदा भाजी निवडताना सहज सांगितली होती, ताईलाच. सांगितली होती हे आई विसरली होती की नव्हती, ते तिच्या डोळ्यांवरून कळत नव्हतं. अण्णांनी त्या दिवशी कागदावरचा एकही शब्द बदलला नव्हता. वाचताना मात्र दिव्याच्या ओळीपाशी थांबून ते आईकडे बघत राहिले होते, आणि ते बघणं खरंच होतं.

"ते अण्णांचं, आई," ताई म्हणाली. "मी त्यात हात लावला नाही. नुसती सही केली."

अण्णांनी भिंतीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. कागद तिच्या नावाचा झाल्यापासून पहिल्यांदाच. मग ते आईकडे वळले.

"आठवतंय मला," ते म्हणाले. "उजव्या हातात धरायचीस."

"डाव्या," आई म्हणाली. तिने टेबलावरचे कप एकात एक ठेवायला घेतले. "असू दे. जा आता, तो बाहेर खोळंबलाय."